होल्याला पित्त नसतं

लांब माळावर एकच बार झाला की आत्या हातातलं काम टाकून परसातल्या तीन दगडांमधली राख उकरायला घ्यायची. दोन बार झाले तर मात्र जागची हलायची नाही. दुसरा बार म्हणजे पहिला चुकला, आणि आबांची बंदूक ठासणीची. दारू ओता, काथ्याचा बोळा ठासा, छर्रे सोडा, पुन्हा बोळा, गजानं दाबा, टोपी बसवा. एवढं होईस्तोवर तितर शेजारच्या गावच्या शिवेत जाऊन बसलेला असायचा. "आबा आता पाखरांना सलामी देत्यात," असं म्हणून ती पुन्हा ज्वारी पाखडायला बसायची.

शिकारीच्या गोष्टी पुष्कळ ऐकल्या, वाचल्या. सगळ्या त्या बारापाशी येऊन थांबतात. जनावर पडलं, त्याच्यावर पाय ठेवून फोटो निघाला, गोष्ट संपली. मग ते कुणी सोललं, कुणी निवडलं, किती तोंडांना पुरलं, हे कुणी सांगत नाही. वाघाच्या गोष्टीत ते नसलं तरी चालतं, वाघ काही कुणी शिजवून खात नाही. छोट्या शिकारीत मात्र बार हा सगळ्यात किरकोळ भाग. पुढचे चार तास घरातल्या बायकांचे, आणि आमच्या घरात ते बहुतेक आत्याचे.

आमचं गाव माणदेशात. सातारा जिल्ह्याची ही पूर्वेची बाजू. महाबळेश्वरला ढग फुटतात आणि आमच्यापर्यंत नुसती त्यांची सावली येते. मुरमाड माळ, कुसळं, मधूनच एखादी बाभळ, आणि ओढ्याकाठी माती साचलीय तेवढ्या पट्ट्यात ज्वारी-बाजरी. असल्या मुलखात सांबर कुठलं आणि रानडुक्कर कुठलं. ससा, तितर, लावे, होले, कधीमधी पखुर्ड्या ही कबुतराएवढी माळावरची पाखरं, एवढाच आमचा बाजार. सोलापूरकडचे पाहुणे आले की माळढोकाच्या गोष्टी सांगायचे. त्याचा नर दहा-बारा किलोचा, एका पक्ष्यात वाडा जेवायचा म्हणे. तो आता हाताच्या बोटांवर मोजायची वेळ आली आहे. नान्नजचं अभयारण्य १९७९ साली झालं, तेव्हाही तसा उशीरच झाला होता.

आमच्याकडे हिशेब उलटा असायचा. घरात तोंडं अकरा, त्यातली माळकरी आजी वजा, उरली दहा. तितर म्हणजे पिसांसकट पावशेर-तीनशे ग्रॅम. लावा तर शंभर ग्रॅमच्या आसपास, पिसं काढली की मुठीत मावेल एवढा. माळावरचा ससा दोन-सव्वादोन किलोचा भरला तरी कातडं, आतडी, डोकं जाऊन निम्मा उरतो, आणि त्या निम्म्यातही हाडंच फार. दहा माणसांत तीन लावे वाटायचे म्हणजे मटण वाटायचं नसतं, रस्सा वाटायचा असतो. त्यामुळं शिकार किती आली यापेक्षा वाटण किती घातलं यावर जेवण ठरायचं. आबांना हे कळत नव्हतं असं नाही. पण ते बंदूक भिंतीला टेकवून, पागोटं काढून ज्या थाटात बसायचे, त्यात या हिशेबाला जागा नव्हती.

पक्षी निवडायचं काम आत्या मागच्या दारात, उजेडाकडं तोंड करून करायची. मी पाणी ओतायला. होल्याची पिसं नुसत्या बोटांनी निघतात, पण जोरात ओढलं तर कातडीच फाटून हातात येते. तितराला जरा दम लावावा लागतो. मोठी पिसं गेली की अंगावर बारीक केस उरतात, ते पेटत्या पाचटावर पटकन फिरवून जाळायचे, आणि तेवढ्यात चरबीला आच लागू द्यायची नाही. हे सगळं बघून येणारं आहे. पण खरी गंमत पुढं. पिसं काढलेला पक्षी ती आंधळ्यासारखी अंगठ्यानं चाचपायची. कातडीखाली कुठं कडक गाठ लागली की नखानं तिथं चिरायचं आणि दाबायचं. छर्रा बाहेर. त्याच्याबरोबर आत गेलेलं एखादं बारीक पीसही असतं, ते राहिलं तर तेवढा घास कडू लागतो. छर्रे मी एका जर्द्याच्या डबीत जमवायचो आणि दिवसभर ती वाजवत फिरायचो. शिशाशी पोरानं खेळू नये हे सांगणारं तेव्हा कुणी नव्हतं. सगळे छर्रे निघायचे नाहीतच. जेवताना कुणाच्या तरी दाताखाली कट्ट वाजायचं आणि आबा म्हणायचे, "सापडला का? त्यो माझा हाय, परत दे."

मग पोट. तितर-लाव्याच्या काळजाला हिरवट पित्ताची पिशवी चिकटलेली असते. ती फुटली की सगळं वाया, म्हणून तिथं आत्याचा श्वास थांबायचा. होल्याच्या वेळी मात्र ती बेफिकीर हात घालायची. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "होल्याला पित्त नसतं." मला वाटलं, हे बायकांचं काहीतरी. होला गरीब पक्षी, कुणाच्या अध्यात ना मध्यात, म्हणून त्याला पित्त नाही, अशी काहीतरी कहाणी असेल. पुढं कॉलेजात प्राणिशास्त्र घेतलं तेव्हा पुस्तकात वाचलं की कबुतराच्या कुळात पित्ताशय नसतंच. चौथी नापास बाईनं ते शंभर होले फाडून स्वतः शोधलं होतं, आणि त्याचं तिला काहीही विशेष वाटत नव्हतं.

तिच्या हाताखाली असल्या बऱ्याच गोष्टी शिकलो. तितराची छाती कोंबडीसारखी पांढरी आणि तंगड्या काळपट. होल्या-पारव्याची छाती मात्र काळजासारखी लाल. तितर दिवसभर पायी फिरतो आणि जिवावर बेतलं तरच फर्रकन शे-दोनशे पावलं उडतो. पारवा मैलोन् मैल उडत राहतो. जो स्नायू सतत राबतो त्याला प्राणवायू धरून ठेवणारं लाल द्रव्य लागतं, म्हणून तो लाल. याला मायोग्लोबिन म्हणतात हे पुढं कळलं. आत्या म्हणायची, "जे राबतं ते काळं पडतं. माझ्याकडं बघ की."

पेटा म्हणजे पक्ष्याचं जाड पोट. तो चिरला की त्यात गुळगुळीत खडे निघायचे, दाणे भरडायला पक्ष्यानं गिळलेले. आमच्या गोट्या फार मोठ्या वाटाव्यात इतके बारीक, पण घासून घासून मण्यासारखे झालेले. आणि गळ्याखालची पिशवी. ती उघडणं हा आमच्या घरी कोर्टाचा कार्यक्रम असायचा.

त्याचं कारण आबांचा परवाना. बंदूक पीकसंरक्षणासाठी दिलेली होती. आता कुणी आडून कुणी समोरून विचारायचं, काय आबा, तितर पीक खातोय व्हय? त्यावर आबांचं उत्तर तयार असायचं, आणि त्याचा पुरावा तितराच्या गळ्यात. आत्यानं पिशवी फाडली की आबा खाली वाकून बघायचे. ज्वारीचे दाणे निघाले की सगळ्यांना हाक. "हे बगा. आपल्याच रानातली मालदांडी. चोर मुद्देमालासकट घावला." दाणे अख्खे असायचे, पेरले तर उगवतील असे. पण हे सुगीच्या दिवसांत. एरवी त्या पिशवीत गवताचं बी असायचं, किडे असायचे, आणि पावसाच्या तोंडाला तर नुसती वाळवी. पांढरी, लुसलुशीत, काही अजून वळवळणारी. आत्या मुद्दाम ती पिशवी ताटलीत पालथी करून आबांपुढं धरायची. "ह्यो तर आपली वाळवी खात हुता. ह्येला कशापायी मारला?" आबा मिशीवरून हात फिरवत बंदूक पुसायला उठायचे.

ससा मात्र पुरुषांकडं. रात्री बॅटरीच्या झोतात त्याचे डोळे चमकतात आणि तो पळायचं विसरून बसतो, एवढं सोपं ते, म्हणून आबा त्याला शिकार म्हणायलाही तयार नसत. गडी लोक वाघर, म्हणजे सशाचं जाळं, लावून धरायचे आणि आणून द्यायचे. मागचे पाय बाभळीला बांधून घोट्याशी चिरायचं आणि सदरा काढावा तसं कातडं खाली ओढायचं. कातडं कागदासारखं पातळ, घाई केली की फाटतं. कोवळा की जून हे कान ओढून बघायचं. कान सहज फाटला तर कोवळा, तासाभरात शिजेल. नाहीतर दोन वेळचं जळण. आमचा हा ससा बिळातला नव्हे. तो उघड्या गवतात खळगा करून राहतो, आणि त्याची पिल्लं जन्मतःच केसाळ, डोळे उघडे ठेवून जगात येतात. ज्वारी काढताना ताटाच्या बुडात असलं पिल्लू सापडलं की विळा थांबायचा आणि तेवढं बूड उभं ठेवून पुढं जायचं. पुन्हा त्याच सशाला रात्री वाघर. याचा मेळ कसा घालायचा ते मला आजही कळलेलं नाही, आणि त्या माणसांना तो घालावासाही वाटत नव्हता.

आता स्वयंपाक. घरात मांस चालत नसे. आजी पंढरीची माळकरी, तिच्या चुलीला त्याचा वाससुद्धा लागायचा नाही. म्हणून परसात तीन दगड, वेगळं पातेलं, वेगळा पळा, आणि ती भांडी गोठ्याच्या वळचणीला पालथी. पण वाटण? ते आजीचं. तिनं आयुष्यात हा रस्सा जिभेवर ठेवला नाही, आणि तिच्यासारखं वाटण पंचक्रोशीत कुणाला जमत नव्हतं. ती स्वतःच्या चुलीत कांदे भाजायची, सालीसकट, आतून रस सुटेपर्यंत. सुक्या खोबऱ्याची वाटी निखाऱ्यावर कडेनं जळेस्तोवर. तीळ, खसखस असली तर, लसणाचा अख्खा गड्डा, आलं, मूठभर कोथिंबीर. पाट्यावर पाण्याचा हबका मारत मारत ती ते असं बारीक करायची की बोटाला कण लागू नये. माळावरच्या जनावराच्या अंगात चरबी अशी नसतेच. ससा तर नुसता दोरखंड. त्याला स्निग्धपणा बाहेरून द्यावा लागतो, तो त्या खोबऱ्यातून यायचा. वाटणाचा गोळा केळीच्या नाहीतर पळसाच्या पानावर ठेवून ती उंबऱ्यावर सरकवायची आणि पलीकडून आत्या उचलायची. हाताला हात लागायचा नाही.

आत्या आधी हळद-मीठ-लसणावर मांस नुसतं शिजवून घ्यायची. ते पाणी म्हणजे आळणी. पोरांना आणि घरात कुणी बाळंतीण असली तर तिला, वाटीवाटीनं. मग उरलेल्यात तेल, कांदा-लसणीचं तिखट, वाटण, आणि ज्वारीचं पीठ भाजून लावलेलं, रस्सा दहा जणांना पुरावा म्हणून. उकळी फुटली की आजी आतूनच ओरडायची, "मीठ कमी हाय." वासावरून. आणि कमीच असायचं.

चव कशी होती? खोटं कशाला सांगू, चांगली होती. लावा हाडासकट कुडूमकुडूम चावून खायचा. होला काळजासारखा लागतो, किंचित लोखंडी. तितराला गवताळ, कोरडा वास. ससा मला कधीच फारसा आवडला नाही, उग्र आणि चिवट, पण त्याच्या रश्श्यात बाजरीची भाकरी कुस्करली की ताटातून मान वर करवत नसे. कलेजी-पेटा आबांचा. तंगड्या पोरांच्या. आत्या शेवटी पातेलं भाकरीनं पुसून घ्यायची. मी तिला कधी तुकडा खाताना पाहिलं नाही. नवऱ्यानं टाकून माहेरी आलेली बाई तुकडा मागत नसते, एवढं मला तेव्हा कळत नव्हतं.

बहात्तर साल म्हटलं की आमच्याकडं दुष्काळ आठवतो. पण खरा जाच झाला तो त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात. विहिरी तळाला गेल्या, जनावरं छावणीला, आत्या आणि आई खडी फोडायला. सरकारी सुकडी यायची आणि मिलो नावाची लाल परदेशी ज्वारी. त्या भाकरीला ना वास ना चव, आणि दुसऱ्या दिवशी दगड. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा. भूक लागलेली आठवत नाही, पण जेवायला बसावंसं वाटत नसे हे आठवतं.

आबांचा एक नेम होता, पाण्यावर आलेल्याला मारायचं नाही. तो त्यांच्या वडलांचाही होता. त्या उन्हाळ्यात तीन कोसांत एकच पाणी उरलं होतं, ओढ्याच्या डोहात, मेंढराच्या कातड्याएवढं. पखुर्ड्या दिवसाकाठी एकदा पाण्याला येतातच, ऊन वर आलं की, घड्याळ लावावं तशा. आभाळात आधी त्यांचा कुट्रो-कुट्रो आवाज आणि मग सरळ रेषेत थवा. डोह तेवढाच, थवा मोठा, आणि बंदुकीत एकच बार.

त्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला एकच बार ऐकू आला, फार जवळून. आबा तीन पखुर्ड्या घेऊन आले. कुठं मिळाल्या ते बोलले नाहीत, आणि घरात कुणी विचारलंही नाही. किती दिवसांनी घरात काही आलं होतं. आजीनं आपणहून कांदा चुलीत टाकला, पाटा धुतला. आत्या मागच्या दारात बसली. मी पाणी ओतायला, वाटीभरच, कारण पाणी नव्हतंच. तिनं पहिली उचलली, पोटाखाली हात घातला आणि म्हणाली,

"ह्येचं प्वाट वलं हाय."

रक्त असेल असं मला वाटलं. पण बोटं बघितली तर नुसतं पाणी. पोटाची पिसं भिजून जड झाली होती, पिळली तर थेंब पडतील अशी. दुसरीचंही तसंच. तिसरी कोरडी. आत्यानं हे काही मोठ्यानं सांगितलं नव्हतं. पण आतला पाट्याचा आवाज थांबला. आजी उंबऱ्यापर्यंत आली, त्या ओल्या पिसांकडं बघितलं, ओसरीवर बसलेल्या आबांकडं बघितलं. पुन्हा आत गेली. वरवंटा धुतला आणि भिंतीला उभा करून ठेवला. भाजलेला कांदा तसाच फडताळात.

त्या दिवशी पखुर्ड्या मीठ आणि सुक्या मिरचीवर शिजल्या. पखुर्डीचं मांस मुळात काळं आणि कडक. वाटणाशिवाय ते कसं लागतं हे मला त्या दिवशी कळलं. आबांनी आपल्या वाटणीचं ताट पुरं केलं. हाडंसुद्धा चोखली. शब्द नाही. उरलेल्या उन्हाळ्यात बंदूक खुंटीवरून निघाली नाही.

त्याच दुष्काळाच्या ऐन तोंडावर, ९ सप्टेंबर १९७२ ला, वन्यजीव संरक्षण कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली होती. गावात ते कुणाच्या गावीही नव्हतं. या कायद्यानं तेव्हा शिकार साफ बंद केली होती असा एक समज आहे, पण मूळ कायद्यात छोट्या शिकारीचं स्वतंत्र परिशिष्ट होतं आणि तिचा परवाना मिळायची सोयही होती. ती वाट १९९१ च्या दुरुस्तीनं बंद केली. २०२२ च्या दुरुस्तीत तर परिशिष्टांची सगळी मांडणीच बदलली. आज माळावरचा ससा किंवा तितर मारला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि लाखापर्यंत दंड होऊ शकतो, आणि घोरपडीसारख्या जनावराला तर कमीत कमी तीन वर्षं ठरलेलीच.

मला हा कायदा मान्य आहे, अगदी मनापासून. आमच्या माळावर आता पवनचक्क्या आहेत, डाळिंबं आहेत, पाण्याचे टँकर आहेत. उरलेल्या जागेत जे चार तितर ओरडतात ते खायला पुरणार नाहीत आणि ऐकायला पुरे आहेत. पण एक गोष्ट खटकते. आबांना कुणी कधी हटकलं नाही. परवाना होता, ओळखी होत्या, ओसरीवर अंमलदाराला चहा होता. फासेपारध्यांच्या पालावर मात्र कधीही झडती. घोड्याच्या शेपटीच्या केसांचे फासे लावून लावे-तितर धरायचे आणि बाजारच्या दिवशी विकायचे, यावरच त्यांचं पोट होतं. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं असल्या जमातींना जन्मानं गुन्हेगार ठरवण्याची जी पद्धत पाडली, ती कागदावरून १९५२ साली गेली. गावाच्या मनातून गेली नव्हती. मग शिकारीचा कायदा आला आणि हातात उरलेलं कसबही गुन्हा झालं. तितराला फसवायला पाळलेला तितर कसा शिकवायचा हे ज्या म्हाताऱ्यानं मला एकदा दाखवलं होतं, त्याचा नातू पुण्यात सिग्नलला फुगे विकतो असं ऐकलं.

आबांची शिकार कशी सुटली याची गोष्ट कुणी विचारली तर लोकांना पखुर्ड्यांची गोष्ट पुरेशी वाटते. प्रत्यक्षात तसं काही झालं नाही. पुढच्या सुगीला ते पुन्हा माळावर होते, तितरासाठी, पाण्यापासून लांब. सुटली ती १९८० च्या लोकसभा निवडणुकीत. निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. आबांनी केली. निवडणूक झाली, निकाल लागला, सरकार बसलं, आबा काही बंदूक आणायला गेले नाहीत. आज जाऊ, उद्या जाऊ. डोळ्यांत मोतीबिंदू आला होता, पण ते कबूल करण्यापेक्षा 'ठाण्यात हाय' म्हणणं सोपं होतं. ते गेल्यावर वडलांनी परवाना रद्द करून टाकला.

अधूनमधून शहरातले मित्र माझ्याबरोबर गावी येतात आणि रस्त्यावरच्या ढाब्यात गल्ल्याशी वाकून हळूच विचारतात, "काही जंगली मिळेल का?" मला त्या हळू आवाजाची शिसारी येते. त्यांना ससा खायचा नसतो, ससा खाल्ला हे सांगायचं असतं.

पखुर्डीचं ते ओलं पोट मात्र माझ्या डोक्यात राहिलं. फार वर्षांनी एका पक्षीनिरीक्षकाबरोबर माळ फिरत असताना त्यानं सहज सांगितलं, की पखुर्डीचा नर पाण्यात बसून पोटाची पिसं भिजवून घेतो. त्या पिसांची रचना स्पंजासारखी असते. त्यात दोन-चार चमचे पाणी धरून तो मैलोन् मैल उडत जातो, आणि पिल्लं त्याच्या पोटाखाली शिरून ती पिसं चोचीनं निपटून पाणी पितात. एका इंग्रज पक्षीपाळानं हे १८९६ मध्ये नोंदवलं, तर लोकांना ती थाप वाटली. १९६७ मध्ये आफ्रिकेतल्या कलाहारीत नीट अभ्यास झाला तेव्हा पटलं. मी त्याला म्हटलं, हो, असेल. आणि दुर्बीण त्याच्या हातात दिली.

गेल्या दिवाळीत आत्या माझ्याकडं पुण्याला राहायला होती. आता ऐंशीच्या पुढं गेलीय, ऐकू कमी येतं, हात मात्र तसेच. मी लावे आणले. हे जपानी लावे, १९७४ मध्ये इज्जतनगरच्या संशोधन केंद्रात आणून वाढवलेल्या वाणाचे. पाच-सहा आठवड्यांत खायला तयार होतात. वन्य नव्हेत, कोंबडीसारखे पाळीव, त्यामुळं राजरोस. साफ केलेले, गार, प्लास्टिकच्या तबकात सहा.

कांदा मी गॅसवर भाजत होतो. मागं वळून बघतो तर आत्या ओट्यापाशी स्टुलावर बसून एकेक लावा हातात घेऊन अंगठ्यानं छाती चाचपतेय. डोळे मिटलेले.

"काय शोधतीस?"

"छर्रा."

मग तिचं तिलाच हसू आलं. त्या हसण्यातच मी तिला पखुर्डीची गोष्ट सांगितली. पिसांची, पाण्याची, पिल्लांची. मोठ्यानं सांगावी लागली, दोनदा. ती ऐकून हातातला लावा तिनं तबकात ठेवला.

"तीन हुत्या," ती म्हणाली. "दोघांचीच वली हुती."

"हो. ते दोन नर असणार."

बराच वेळ काही बोलली नाही. कांद्याचं वरचं साल जळून काळं झालं होतं, मी ते काढत बसलो. थोड्या वेळानं तिनं पुन्हा एक लावा उचलला, उलटा करून गळ्याखाली बोट घातलं. तिथं काहीच नव्हतं, पिशवी कारखान्यातच काढलेली.

"ह्यो काय खात हुता त्ये कळतच न्हाई."

"खाद्य असतं गं, तयार. पोत्यातलं."

"कशाचं?"

"मका. सोयाबीनची पेंड."

तिनं लाव्याची कातडी चिमटीत धरून उजेडाकडं केली. आतून पिवळी चरबी दिसत होती, जाड.

"मंग खोबरं निम्मंच घे," ती म्हणाली. "ह्येच्या अंगातच तेल हाय."